भेगेतलं पांढरं

पडदा वर जातो तेव्हा समोर एक जांभळाचं झाड दिसतं. झाडाखाली निळी ताडपत्री अंथरलेली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. ताडपत्रीवर एकोणीस पोरं बसलीत, आणि पोरांच्या मागे, जरा डाव्या अंगाला, एका खोलीची अंगणवाडी. दाराला कुलूप. सकाळचे अकरा वाजलेत, पौषातलं ऊन अजून कोवळं आहे. लांबून, डहाणू-तलासरी रस्त्यावरून, एक अवजड ट्रक जातो. त्याची घरघर जमिनीतून आल्यासारखी वाटते, आणि ती ऐकून एकोणीसच्या एकोणीस पोरं गाणं मध्येच तोडतात. एकही हलत नाही. ट्रक जातो. पोरं जिथं थांबली होती त्याच ओळीवरून पुन्हा गायला लागतात.

चुलीपाशी उभी असलेली बाई मात्र तशीच उभी राहते. हातात उलथनं, नजर जमिनीवर. खिचडी बुडाला लागल्याचा वास येतो तेव्हा कुठं तिचा हात चालू होतो.

ही बारकी. सात भावंडांत शेवटची म्हणून बारकी. आता वय बावन्न, अंगानं चांगली थोराड, पाण्याचे दोन हंडे एकावर एक घेऊन चढ चढणारी, तरी सगळ्या करवंदपाड्याला ती बारकीच. एकोणीस वर्षं ती या अंगणवाडीची मदतनीस आहे. सकाळी झोपडी-झोपडी फिरून पोरं गोळा करायची, नाकं पुसायची, खिचडी रांधायची, आणि दुपारी एकेकाला घरी पोचवायचं, असं तिचं काम. पाड्यातली आजची तरणी माणसं तिच्याच कडेवरून अंगणवाडीत आलेली. लग्नघरी भिंतीवर वारली चित्रांचा चौक लिहायला बोलावतात तेव्हाही ती असते. तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवली की तिचा हात थरथरत नाही. असं सगळे म्हणायचे. दिवाळीनंतर म्हणेनासे झाले, कारण दिवाळीनंतर जमीनच थरथरायला लागली.

आधी आवाज यायचा. सुरुंग लागल्यासारखा, पण वरून नाही, खालून. मग फळीवरची भांडी आपापसात बोलायला लागायची. मग पायाखाली काहीतरी सरकायचं आणि थांबायचं. कधी दिवसातून तीनदा, कधी आठ-आठ दिवस काहीच नाही. ते आठ दिवस जास्त वाईट. माणसं कान देऊन जेवायची. कोंबडं उगाच फडफडलं तरी बाया पोरांना उचलून अंगणात यायच्या, आणि अंगणात आल्यावर एकमेकींकडे बघून ओशाळं हसायच्या.

बारकी त्यांच्यात हसायची नाही. तिच्या डोळ्यांसमोर एक सकाळ होती. मोठा धक्का बसला तेव्हा अंगणवाडी आत भरलेली होती. सेविका सुषमाताई ओरडल्या, पोरं दाराकडे पळाली, अठरा पोरं बाहेर आली. एकोणिसावी होती रूपी, बारकीच्या लेकीची लेक, चार वर्षांची. आई कविता उंबरगावला कंपनीत जाते, म्हणून रूपी आजीपाशीच असते. रूपी पळाली नव्हती. मागच्या भिंतीला टेकून ती उकिडवी बसली होती, दोन्ही हात कानांवर, डोळे घट्ट मिटलेले. बारकीनं तिला झडप घालून उचललं आणि बाहेर आणलं. मग मागं वळून पाहिलं, तर रूपी बसली होती त्या जागी हातभर पोपडा पडला होता, आणि भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत एक तिरपी भेग गेली होती.

त्यानंतरही धक्का आला की रूपी खाली बसायची. समजावून झालं, खाऊ देऊन झालं, पळायचा खेळ करून झाला. खेळात ती सगळ्यांच्या पुढं पळायची. खरा आवाज आला की बसायची.

म्हणून ताडपत्री. सहा आठवडे अंगणवाडी झाडाखाली भरत होती, आणि बारकी रोज सकाळी ते कुलूप हातानं ओढून बघायची, बंद आहे ना.

एका बुधवारी कचेरीतला शिपाई आला आणि त्या दारावर कागद चिकटवून गेला. सुषमाताई तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला डहाणूला गेल्या होत्या. बारकी आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर ओळखीचं, पण वेग नाही. तिनं पोरांना खिचडी वाढली, हात धुतले, आणि बोट ठेवून वाचायला घेतलं.

"सदर इमारतीच्या भिंतीस असलेली भेग जुनी असून ती भूकंपाने पडलेली नाही. इमारत वापरण्यास योग्य आहे. सोमवारपासून अंगणवाडी आतच भरवावी. याबाबत कोणाचे वेगळे म्हणणे असल्यास त्यांनी शनिवारपर्यंत वरील विधान खोडून काढावे."

खाली सही, शिक्का.

बारकीनं ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिनं वळून रूपीकडे बघितलं. सोमवारी रूपी पुन्हा त्या भिंतीपाशी बसणार. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला, कारण सही करणारा तो साहेब कधी आत आलाच नव्हता. महिन्यापूर्वी आला, किल्ली सुषमाताईंपाशी होती आणि त्या मीटिंगला, तर बाहेरून फिरला, खिडकीपाशी टेप धरला आणि मोटारसायकलवर बसला. तिसऱ्यांदा मात्र ती शेवटच्या ओळीवर थांबली, आणि तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. खोडून काढावे. शनिवारपर्यंत. कोणीही.

एवढंच तर.

खोडायचं कसं हे तिला चांगलं ठाऊक होतं. सुषमाताईंच्या हजेरीपटात चूक झाली की त्या पट्टी लावून एकच सरळ रेघ ओढायच्या आणि बाजूला छोटी सही करायच्या. गिचमिड नाही करायची मावशी, खालचं वाचता आलं पाहिजे, असं त्या सांगायच्या. बारकीनं झाडाखालच्या पत्र्याच्या पेटीतली लाकडी पट्टी काढली, निळं पेन काढलं, आणि 'भेग जुनी असून' पासून 'योग्य आहे' पर्यंत, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, देखणी सरळ रेघ मारली. हात जरासुद्धा हलला नाही. बाजूला लिहिलं, बारकी.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. नवरा लक्ष्या चिकूच्या वाडीतून आला तेव्हा तिनं त्याला सांगून टाकलं, "सोमवारचं काय नाय आता. मी खोडलं."

"काय खोडलंस?"

"सायबांचं लिहिलेलं. त्यांनीच सांगितलं होतं."

लक्ष्याला जरा नवल वाटलं, पण सरकारचं काही सांगता येत नाही म्हणून त्यानं हात धुवायला पाणी घेतलं.

गुरुवारी शिपाई परत आला. कागद चिकटवल्याचा फोटो राहिला होता. त्यानं फोटो काढला आणि न बोलता गेला. शुक्रवारी सकाळी सुषमाताई इको गाडीतून उतरल्या त्या फोन कानाला लावूनच, आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"मावशी," त्या म्हणाल्या, "त्या कागदावर रेघ कोणी मारली?"

"मी."

"का?"

"लिहिलंय ना, खोडून काढावे."

सुषमाताई दारापाशी गेल्या. रेघ पाहिली, सही पाहिली. मग जांभळाच्या मुळावर बसल्या आणि त्यांना हसू फुटलं, पण ते हसू पुरतं बाहेर आलं नाही. "मावशी, ही माझ्या हजेरीपटातली चूक नाही हो. सरकारी कागद आहे. सरकारी कागदावर खोडाखोड केली म्हणून साहेब तापलेत. उद्या दहा वाजता स्वतः येतायत. तुमचं नाव विचारलं. मी काय सांगणार, नाव तर तुम्हीच लिहून ठेवलंय."

बारकीला आधी काही कळलंच नाही. मग पायापासून गार होत गेलं. जमिनीची भीती निदान येते आणि जाते. ही आली ती बसूनच राहिली. एकोणीस वर्षांची चाकरी. पोलीस. कोर्ट. आपण तुरुंगात आणि रूपी आत भिंतीपाशी, दोन्ही चित्रं तिला एकदम दिसली.

"पण मग खोडायचं कसं?" तिनं विचारलं.

सुषमाताईंनाही नीट सांगता येईना. "म्हणजे त्यांचं खोटं आहे हे दाखवायचं."

"मी सांगते ना, खोटं आहे. मी होते तिथं."

"तुम्ही सांगाल हो. पण ते म्हणतील, नाही."

शेवटी बारकीच म्हणाली, "आशागडला जाऊ. गुरुजींकडे."

काशीनाथ गुरुजींनी तिला आश्रमशाळेत शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, डोळ्यांत मोतीबिंदू, घरापुढं चिकूची आठ झाडं. बारकीचा आवाज त्यांनी फाटकातूनच ओळखला. त्यांची बायको बकुळाबाई चहा टाकायला उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "ऐका आता, दहा वर्षांत ऐकायला कोणी आलं नव्हतं यांना."

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. रेघेची गोष्ट आली तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग बारकी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"बारके, मला सांग, तू रेघ मारलीस. खालचं वाचता येतं का?"

"येतं. चांगलं येतं."

"मग ते वाक्य मेलं कुठं? उभंच आहे. तू फक्त सांगितलंस की मला पटलं नाही."

"पटलं नाय तर काय करायचं?"

"ते साहेब म्हणतात जुनी. तू म्हणतेस नवी. झाली बरोबरी. पण त्यांच्याकडे शिक्का आहे." गुरुजींनी चहाची बशी खाली ठेवली. "तुला उसाचं आठवतं?"

बारकीला आठवलं, आणि भीतीतसुद्धा तिच्या गालावर काहीतरी हललं. दुसरीत होती ती. गुरुजींच्या खोलीतला ऊस कोणीतरी खाल्ला होता, आणि काकड्यानं, वर्गातल्या सगळ्यात आगाऊ पोरानं, सांगितलं होतं की बारकीला दातांनी सोलताना पाहिलं.

"तू तेव्हा काय म्हणालीस?"

"काय नाय बोलले मी. तोंड उघडलं."

"तोंड उघडलं," गुरुजी सुषमाताईंकडे वळून म्हणाले. "पुढचे चारही दात पडलेले. नुसत्या हिरड्या. सगळा वर्ग हसायला लागला, आणि काकड्या हसण्याच्या आधीच रडायला लागला, कारण ऊस त्यानंच खाल्ला होता. मी रेघ मारली नाही, हिनं शपथ घेतली नाही. काकड्याचं बोलणं आपोआप पडलं. त्याला खोडणं म्हणतात."

बारकीनं जिभेनं पुढचे दात चाचपले.

"भिंतीला तोंड कुठलं, गुरुजी?"

"ते मी कसं सांगू? मला समोरची बकुळा दिसत नाही धड." आतून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. "तू एवढंच विचार कर. जर भेग जुनी असती, तर तिच्यात काय असतं, जे आत्ता नाही? ते सापडलं की झालं. आणि एक कर. साहेबाचं जेवढं खरं असेल तेवढं आधी खरं म्हण. खऱ्यावर रेघ मारायला गेलीस तर तुझं खरंही कोणी ऐकणार नाही."

परतीच्या गाडीत बारकी तेच वाक्य मनात घोळवत राहिली. जुनी असती, तर काय असतं. दर खड्ड्याला तिचा हात पुढच्या सीटला गच्च धरायचा.

घरी लक्ष्यानं सगळं ऐकलं आणि त्याला उपाय लगेच सुचला. "खिडकीपाशी जुनी चीर आहे ना, ती शेवाळवाली? बाहेरून सायबानं तीच बघितली असणार. ती चीर खरवडून टाक. शेवाळ काढ, आतून विळा फिरव. दोन्ही भेगा सारख्या दिसतील. सगळंच नवं."

"आणि ते खोटं नाय?"

"भेग तर नवी आहेच ना. मग खोटं कसं?"

खिडकीपाशी एक जुनी चीर होती, हे खरं. इमारत बांधल्यावर तिसऱ्या पावसात पडलेली, केसासारखी बारीक. तिनंच ती रोज झाडताना पाहिली होती. साहेब पार खोटं बोलला नव्हता. त्यानं एक भेग पाहिली आणि दोन्हींचं एक करून टाकलं होतं. आणि रूपी अंगणात मुंग्यांच्या रांगेपाशी बसली होती, तिच्याकडे बघितलं की गुरुजींचा शब्द मागं पडायचा आणि विळा पुढं यायचा.

शनिवारी सात वाजता तिनं सुषमाताईंकडून किल्ली आणली. पदराखाली विळा होता.

सहा आठवड्यांनी ते कुलूप उघडलं. आत कोंदट वास, खेळण्यांवर धूळ, एका कोपऱ्यात कोणाची तरी चप्पल, त्या सकाळी पळताना राहिलेली. आणि समोर मागची भिंत, तिचीच. पोषण महिन्यात, सप्टेंबरात, तिनं ती लिहिली होती. आधी फडक्यानं सगळीकडे गेरू दिला, मग तांदळाचं पीठ डिंकात कालवून चित्र काढलं. मधोमध उंच ताड, त्यावर चढणारा माणूस, कमरेला मडकं. खिडकीखाली कोंबड्या. आणि रूपीनं हट्ट केला म्हणून ताडाच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग. आता त्या ताडावरून तिरपी भेग गेली होती.

तिकडे न बघता बारकी भिंतीच्या कडेकडेनं खिडकीपाशी गेली. पाय जड झाले होते. प्रत्येक पावलाला कान जमिनीकडे. विळ्याचं टोक तिनं जुन्या चिरेला लावलं आणि दाबणार, तेवढ्यात तिला आतलं दिसलं.

चीर आतून लाल होती. गेरू उतरला होता तिच्यात. आणि कोंबडीची शेपटी जिथं चिरेवरून गेली होती, तिथं गेरूच्या आत पांढरं, तांदळाचं, ओघळून सुकलेलं. अर्थातच. चीर आधी होती, रंग नंतर दिला. ओला रंग भेग बघून थोडाच थांबतो.

विळा हातातच राहिला. ती वळून मोठ्या भेगेखाली आली, वर बघणार, तर आवाज आला.

खालून. सुरुंगासारखा.

दार सहा पावलांवर होतं. बारकीला दार दिसत होतं, उजेड दिसत होता, पळायला पाहिजे हे कळत होतं, आणि पाय जमिनीत पुरल्यासारखे हलत नव्हते. खिडकीचं तावदान खणखणलं. कपाटाचं दार आपोआप उघडलं. बारकी खाली बसली. विळा टाकला, दोन्ही हात कानांवर नेले, डोळे मिटले. मोठ्या भेगेच्या बरोबर खाली, रूपी बसली होती त्याच जागी.

किती वेळ, ते तिला कधी सांगता आलं नाही. फार नसावा. थांबलं तेव्हा तिला पहिली गोष्ट कळली ती ही, की रूपी हट्टी नाही. ती पोर पळायचं विसरत नाही. तिला पळताच येत नाही.

डोळे उघडले तर खांद्यावर, पदरावर राखेच्या रंगाचा भुगा पडला होता. भेगेतून गळलेला. ती मान वर करून बघत राहिली. खालून बघितलं की भेगेचं पोट दिसत होतं. सिमेंटचं, कोरडं, राखाडी. लाल नाही. पांढरं नाही.

मग ती उठली आणि बाहेर आली. चालतच. पळता अजूनही येत नव्हतं.

दहा वाजता साहेब आले. पीयूष नाव, तिशीच्या आतले, कपड्यांना इस्त्री, हातात नोटिशीची नवी प्रत. मोटारसायकल झाडापासून लांब लावली. सुषमाताईंनी नमस्कार केला. पोरांना लांब चिंचेखाली बसवलं होतं, आणि लक्ष्या कामाला न जाता तिथंच घुटमळत होता.

"बारकी कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"कागदावर रेघ तुम्ही मारली?"

"हो सायब. खोडायचं म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

साहेबांनी काहीतरी ठरवून आणलेलं कडक बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. "आता ठाऊक झालं?"

"थोडं झालं. आत या, दाखवते."

साहेब उंबऱ्यापाशी आले आणि थांबले. सकाळचा धक्का त्यांनीही घरी खाल्ला असणार. एकदा छताकडे बघितलं, एकदा भिंतीकडे.

"जा ना सायब," लक्ष्या मागून म्हणाला. "इमारत वापरायला योग्य आहे असं ऐकलंय. खुर्ची टाकू आत?"

सुषमाताईंनी डोळे मोठे केले. साहेबांचे कान लाल झाले.

"तू गप," बारकी म्हणाली. "सायब घाबरले म्हणून भेग नवी होत नाय. मीपण घाबरलेय."

हे ऐकून साहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं, आणि आत आले.

बारकीनं त्यांना आधी खिडकीपाशी नेलं. "ही जुनी. तुमचं बरोबर आहे. तिसऱ्या पावसातली. हिच्यात बघा."

साहेबांनी मोबाइलचा उजेड पाडला. लाल दिसलं, पांढरं दिसलं.

"मी गेरू दिला तेव्हा ही होती, म्हणून रंग आत गेला. आता इकडं या." ताडापाशी येताना तिचा आवाज बारीक झाला, पण ती आली. "ही जुनी असती तर हिच्यातपण उतरला असता. एकाच दिवशी, एकाच फडक्यानं दिलाय. बघा, आहे का कुठं?"

साहेबांनी उजेड वरपासून खालपर्यंत फिरवला. मग पुन्हा फिरवला. "चित्र काढलं कधी?"

"पोषण महिन्यात. तुमच्याच मॅडमनी येऊन नारळ फोडला."

"फोटो आहे?"

सुषमाताईंनी लगबगीनं मोबाइलवर फोटो शोधून दाखवला. साहेब बघून म्हणाले, "मॅडम बरोबर ताडासमोर उभ्या आहेत."

"त्यांना सांगितलं होतं हो बाजूला व्हायला," सुषमाताई पुटपुटल्या.

साहेब विचारात पडले. त्यांना चिडायचं नव्हतं आता, पण मानायचंही नव्हतं एवढ्यात. त्यांची नजर खाली पडलेल्या विळ्यावर गेली. "समजा, हिच्यातला रंग कोणी नंतर खरवडून काढला असेल तर?"

खोली एकदम लहान झाली. विळा तिथंच होता, तिनंच टाकलेला. विळा मी आणला, ते खरं, असं सांगावं का, आणि सांगितलं तर कोण ऐकेल. पाठीमागं कुठंतरी कपाटाचं दार किरकिरलं आणि तिचा जीव पुन्हा पायांत गेला. तिनं नजर भिंतीकडे वळवली, दुसरीकडे कुठं बघायचं ते सुचेना म्हणून. आणि ताडावरचा माणूस तिला दिसला.

"विळा मीच आणला होता," ती म्हणाली. "ती खिडकीवाली खरवडायला. नाय खरवडली. पण सायब, हा पाय बघा."

भेग ताडावर चढणाऱ्याच्या मांडीतून गेली होती. मांडीचा वरचा तुकडा एका बाजूला, खालचा दुसऱ्या बाजूला, आणि खालचा बोटभर खाली उतरला होता. ताडाचं खोडसुद्धा तिथं मोडलेलं. मुंग्यांची रांग सरळ येऊन भेगेपाशी पायरी उतरत होती.

"मी पाय तुटलेला काढला नव्हता," बारकी म्हणाली. "खरवडून रंग निघतो. पाय खाली कसा उतरेल?"

साहेबांनी खिशातली पोलादी पट्टी काढून ताडाच्या खोडाला लावली. वर जुळत होती, खाली जुळत नव्हती. सरकवून पुन्हा लावली. मग खाली वाकून मुंग्यांना लावली. ते पट्टी धरून उकिडवे बसले तेव्हा बारकीला वाटलं, उठा, तिथं बसू नका.

बाहेर येऊन त्यांनी नवी प्रत मोटारसायकलच्या सीटवर ठेवली. 'भेग जुनी असून' पासून 'आतच भरवावी' पर्यंत पट्टीनं रेघ मारली, बाजूला सही केली. खाली लिहिलं: खिडकीजवळची चीर जुनी, मागील भिंतीची भेग नवीन, भिंत सरकलेली, इमारत वापरू नये. मग प्रत सुषमाताईंच्या हातात दिली आणि दारावरचा जुना कागद स्वतः फाडून घडी करून खिशात घातला. त्या कागदावरच्या सहीबद्दल कोणी पुन्हा काही विचारलं नाही.

लक्ष्या चिंचेकडे धावला, सांगायला. पोरं कल्ला करत आली. रूपी येऊन आजीच्या लुगड्याला लटकली.

साहेबांनी गाडी चालू केली, आणि मग पुन्हा बंद केली.

"मावशी, भिंत पाडून नवीन बांधावी लागेल. तुमचं चित्र जाईल त्यात."

बारकीनं उघड्या दारातून आत बघितलं. ताड, माणूस, मडकं, मुंग्या. तिचा एक हात रूपीच्या डोक्यावर होता. तो हलला नाही.

"पाडा," ती म्हणाली. "पण आदल्या दिवशी निरोप धाडा, सायब. आवाज झाला की आमची रूपी पळत नाय, खाली बसते."